विश्लेषण : काय खाल्ले, तेव्हा मनात काय होते? अनावर खाण्यावरच्या उपचारात नोंदवहीला एवढे महत्त्व का?

खाण्याची नोंद म्हटले की आपल्याला कॅलरी मोजणारे ॲप आठवते. सकाळी दोन पोह्यांचे चमचे जास्त झाले की लाल आकडा दाखवणारे. मात्र ज्यांचे खाणे वारंवार हाताबाहेर जाते, अशा व्यक्तींना मानसोपचारतज्ज्ञ वेगळीच नोंदवही ठेवायला सांगतात. त्यात कॅलरीचा रकाना नसतो. त्याऐवजी वेळ, जागा, सोबत कोण होते आणि मनात काय चालले होते, हे लिहायचे असते. ‘फूड अँड मूड जर्नल’ या नावाने ओळखली जाणारी ही वही दिसायला साधी असली, तरी बिंज इटिंग डिसऑर्डरवरच्या उपचाराची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. ती कशी ठेवायची, कशी वाचायची आणि कधी ठेवू नये, याविषयी…

बिंज इटिंग डिसऑर्डर म्हणजे नेमके काय?

लग्नात चार जिलेब्या जास्त खाणे किंवा गणपतीत मोदकांवर ताव मारणे म्हणजे हा विकार नव्हे. ठरावीक वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर लोक तशा परिस्थितीत खातील त्यापेक्षा बरेच जास्त खाल्ले जाते आणि त्या वेळी ‘आता मला थांबताच येणार नाही’ असे वाटते, तेव्हा त्याला ‘बिंज’ म्हणतात. यात प्रमाणापेक्षा ताबा सुटणे महत्त्वाचे.

त्याच्या जोडीला आणखी काही लक्षणे दिसतात. नेहमीपेक्षा खूप भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचा किळस, उदासी किंवा अपराधी वाटणे. यांपैकी किमान तीन लक्षणे असतील, तीन महिने आठवड्यातून किमान एकदा असे घडत असेल आणि त्याचा त्या व्यक्तीला ठळक त्रास होत असेल, तर डॉक्टर या निदानाचा विचार करतात. बुलिमियामध्ये खाल्ल्यानंतर उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे, अतिव्यायाम करणे असे प्रकार नियमित होतात. बिंज इटिंग डिसऑर्डरमध्ये ते नसतात.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्ये या प्रकारच्या खाण्याचे वर्णन केले होते. तरी त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळायला २०१३ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत तो आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही त्याचा समावेश आहे. हा विकार स्त्रियांना होतो तसा पुरुषांनाही होतो आणि तो असलेल्या प्रत्येकाचे वजन जास्त असतेच असे नाही.

हा ‘जिभेवर ताबा नाही’ असा प्रश्न का नाही?

कारण बऱ्याच जणांमध्ये या गोष्टीची सुरुवात कमी खाण्यातून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवले गेले. त्या काळात त्यांच्या डोक्यात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. निर्बंध उठल्यानंतर त्यांच्यातील काही जण पोट भरूनही खात राहिले, त्यांची भूक शमल्यासारखी वाटेना. या तरुणांची मानसिक आणि शारीरिक तब्येत प्रयोगापूर्वी तपासून घेतलेली होती. म्हणजे उपासमारीनंतर अनावर खाणे ही शरीराची प्रतिक्रियाही असते.

प्रत्येक रुग्णात सुरुवात डाएटनेच होते असे नाही. काहींमध्ये ताण, एकटेपणा, लहानपणापासून शरीरावरून ऐकलेले टोमणे ही कारणे आधी असतात. पण एकदा चक्र सुरू झाले की त्याचे टप्पे सारखे दिसू लागतात. बिंज झाले की अपराधीपणा येतो. मग दुसऱ्या दिवशी ‘भरपाई’ म्हणून नाश्ता आणि जेवण टाळले जाते. संध्याकाळपर्यंत भूक आणि चिडचिड दोन्ही वाढतात आणि रात्री पुन्हा तेच घडते.

खाऊन बरे वाटते, म्हणून लोक खातात असा समज आहे. तोही पूर्ण खरा नाही. दिवसभरात वेळोवेळी भावना नोंदवून घेणाऱ्या ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बिंजच्या आधी नकारात्मक भावना वाढलेल्या असतात, हे त्यात दिसले. पण बिंजनंतर त्या कमी होण्याऐवजी आणखी वाढलेल्या आढळल्या. आपण नेमके कोणत्या क्षणी कुठून कुठे गेलो, हे आठवणीवर विसंबून सांगता येत नाही. त्यासाठीच नोंदवही लागते.

उपचारात नोंदवहीचे स्थान काय?

या विकारासाठी सर्वाधिक अभ्यासलेला मानसोपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, अर्थात ‘सीबीटी’. ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांसाठी तिची खास पद्धत विकसित केली. त्यांचे ‘ओव्हरकमिंग बिंज इटिंग’ हे स्वमदतीचे पुस्तक १९९५ मध्ये आले. त्याची सुधारित आवृत्ती २०१३ ची. त्यातील कार्यक्रमाची पहिली पायरी म्हणजे स्वतःच्या खाण्याची नोंद, आणि दुसरी म्हणजे नियमित खाणे.

ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या शिफारशीही याच दिशेच्या आहेत. प्रौढ रुग्णांना आधी मार्गदर्शनाखालील स्वमदत कार्यक्रम द्यावा, तो पुरेसा ठरला नाही किंवा चालला नाही तर गटात किंवा एकेकट्याने सीबीटी द्यावी, असे त्यात म्हटले आहे. या उपचाराचा वजनावर मर्यादित परिणाम होतो आणि वजन घटवणे हे त्याचे उद्दिष्ट नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगावे, असेही ही तत्त्वे म्हणतात. आपल्याकडे नोंदवही सुरू करणारे अनेक जण ‘महिन्यात किती किलो उतरतील’ या हिशेबाने सुरू करतात, म्हणून हा मुद्दा आधीच लक्षात घेतलेला बरा.

वहीत काय लिहायचे?

फेअरबर्न यांच्या तक्त्यात मोजकेच रकाने आहेत. वेळ, काय खाल्ले-प्यायले, कुठे, हे खाणे आपल्याला अती वाटले असल्यास तारांकित खूण, आणि शेवटी त्या वेळची परिस्थिती व विचार. उलटी किंवा जुलाबाच्या औषधांसाठी वेगळा रकाना असतो. काही तज्ज्ञ यात भुकेचा ० ते १० असा आकडा लिहायला सांगतात.

प्रमाण घरगुती भाषेत लिहायचे. ‘दोन पोळ्या, वाटीभर आमटी, मूठभर शेंगदाणे’ एवढे पुरे. ग्रॅम आणि कॅलरी नकोत. ‘पुन्हा माती खाल्ली’, ‘हावरटासारखे खाल्ले’ अशी दूषणेही नकोत. वही पुरावा गोळा करण्यासाठी आहे, शिक्षा सुनावण्यासाठी नाही.

खरी अडचण मूडच्या रकान्यात येते. ‘कंटाळा आला’ या दोन शब्दांत आपण थकवा, एकटेपणा, राग, काम टाळण्याची इच्छा असे बरेच काही भरतो. ‘टेन्शन’चेही तसेच. म्हणून शक्य तेवढा नेमका शब्द शोधायचा. धास्ती, अपमान, हेवा, रिकामपण, घाई, हुरहुर. शब्द सापडत नसेल तर घडले ते लिहायचे. ‘आईचा फोन, पुन्हा लग्नाचा विषय’ ही नोंद ‘मूड खराब’ या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

आणखी एक नोंद महत्त्वाची, तीही बहुतेकांकडून राहून जाते. खाण्याची तीव्र ऊर्मी आली आणि खाल्ले नाही, तर तेही लिहायचे. ऊर्मी किती वाजता आली, किती वेळ टिकली, त्या वेळात काय केले? ती लाटेसारखी चढते आणि ओसरते, हे दुसऱ्या कोणी सांगितलेले पटत नाही. स्वतःच्या अक्षरात चारदा दिसले की पटू लागते.

रात्री एकदम लिहिले तर चालेल का?

चालत नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. २००२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय खाण्याचा नव्हता, दीर्घकालीन वेदनांचा होता. रुग्णांना कागदी डायरी दिली होती आणि ती कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाशसंवेदक तिच्या कव्हरमध्ये लपवला होता. सुमारे ९० टक्के नोंदी वेळेवर केल्याचे डायऱ्यांवरून दिसत होते. संवेदकानुसार प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी होत्या ११ टक्के. बाकीच्या नंतर बसून भरलेल्या होत्या.

यात कोणी लबाड होते असे नाही. माणूस असाच वागतो. पण खाण्याच्या बाबतीत रात्री आठवून लिहिले की दोन गोष्टी होतात. एक, दुपारी चार वाजता काय वाटत होते, त्यावर रात्रीच्या अपराधीपणाचा रंग चढतो. दोन, उपचाराचा निम्मा फायदा हातचा जातो. कारण नोंद करण्याची कृती स्वतःच वागणे बदलते. पाकीट फोडण्याआधी वही किंवा मोबाइल हातात घ्यायचा, तर आपोआप चालणाऱ्या हालचालीत अर्ध्या मिनिटाचा खंड पडतो. तेवढ्या वेळात दुसरा पर्याय निवडण्याची संधी मिळते.

नोंदी वाचायच्या कशा?

सॉफ्टवेअर बिघडले की इंजिनीअर आधी लॉग उघडतो. बिघाड दिसला त्या ओळीवर तो थांबत नाही, त्याच्या वरच्या ओळी वाचतो. ही वहीही तशीच वाचायची. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यात आयटी कंपनीत काम करणारी, मैत्रिणींसोबत भाड्याने राहणारी एक तरुणी. तिच्या तीन दिवसांच्या नोंदी अशा :

सोमवार
सकाळी ९.३० – चहा, दोन बिस्किटं. घरी, उभ्यानं. ‘उशीर झाला. आजपासून भात बंद.’
दुपारी २.१५ – एक पोळी, अर्धी भाजी. ऑफिसात, डेस्कवर. ‘भूक होती, पण थांबले.’
संध्याकाळी ६ – काळी कॉफी. ‘डोकं दुखतंय. मॅनेजर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलला.’
रात्री १०.४० – दोन वडापाव, फरसाणाचं पाकीट, अर्धा डबा श्रीखंड. * खोलीत, एकटी, मोबाइल बघत. ‘पहिल्या वड्यानंतर चवच कळली नाही. थांबता येईना.’

मंगळवार
सकाळी – काही नाही. ‘काल झालं ते भरून काढायचंय.’
दुपारी १.३० – काकडी, एक सफरचंद. ‘आज जमतंय.’
रात्री ११ – मागवलेली बिर्याणी, मग आइस्क्रीम, मग रूममेटचे लाडू. * ‘लाडू तिच्या आईनं पाठवले होते. उद्या काय सांगू?’

बुधवार
सकाळी ९ – पोहे, चहा.
दुपारी १.१५ – पोळी, भाजी, आमटी-भात. कँटीनमध्ये, टीमसोबत. ‘एकीचा वाढदिवस, नाही म्हणता आलं नाही.’
संध्याकाळी ५.३० – चहा, उपमा. ‘मॅनेजर आजही बोलला. रडू आलं.’
रात्री ९ – खिचडी, ताक. ‘थकले. झोपते.’

नुसत्या तारांकित ओळी पाहिल्या तर ‘रात्री खाण्यावर ताबा नाही’ एवढाच निष्कर्ष निघतो. तो तिला आधीच माहीत होता. वरच्या ओळी वाचल्या की वेगळे दिसते. सोमवारी आणि बुधवारी, दोन्ही दिवशी ऑफिसात बोलणी बसली. पण बिंज एकाच दिवशी झाले. फरक दुपारच्या ताटात आणि साडेपाचच्या उपम्यात होता. सोमवारी रिकाम्या पोटावर अपमान पडला, बुधवारी भरल्या पोटावर. मंगळवारी तर कोणी काही बोललेही नव्हते. तिथे दिवसभराची भूकच पुरेशी ठरली.

तीन दिवसांवरून सिद्ध काहीच होत नाही. पण पुढच्या आठवड्यात करून पाहण्याजोगी एक गोष्ट हाती लागते, ती म्हणजे दुपारचे पूर्ण जेवण आणि संध्याकाळचे खाणे न चुकवणे. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत त्याचा परिणाम पाहायचा. फेअरबर्न यांच्या पद्धतीत बिंजमागे चार गोष्टी शोधायला सांगतात. कमी खाणे, स्वतः घातलेला एखादा खाण्याचा नियम मोडणे (इथे ‘भात बंद’सारखा), मद्यासारख्या गोष्टीने ताबा सैल होणे, आणि मनाविरुद्ध घडलेली घटना किंवा भावना. बऱ्याचदा यांतील एकाहून अधिक गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

नियमित खाणे म्हणजे किती वेळा?

या पद्धतीत दिवसाला तीन जेवणे आणि दोन ते तीन मधली खाणी आधी ठरवायची असतात. दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांहून अधिक अंतर नको. भूक लागो न लागो, वेळ झाली की खायचे. आणि बिंज झाले तरी पुढचे ठरलेले खाणे चुकवायचे नाही. ज्याला वर्षानुवर्षे ‘कमी खा’ असेच सांगितले गेले, त्याला हे उलटे वाटते. पण भरपाईचा दुवा तुटल्याशिवाय चक्र थांबत नाही.

उपवास आणि घरातल्या माणसांचे काय?

आपल्याकडच्या नोंदवहीत हे दोन विषय येतातच. संकष्टीला चंद्रोदयानंतर जेवायचे, म्हणजे रात्रीचे नऊ-दहा वाजतात. नवरात्र आणि श्रावणात उपवासांची रांग लागते. ज्यांना बिंजचा त्रास आहे त्यांच्यासाठी दिवसभराचे रिकामे पोट हा थेट धोका ठरू शकतो. उपवासाच्या दिवसांसमोर खुणा दिसत असतील, तर ते उपचारतज्ज्ञाशी बोलावे. ठरल्या वेळी उपवासाचे पदार्थ खायचे की काही महिने उपवास थांबवायचा, हे मिळून ठरवता येते. आजारी माणसाने उपवास करू नये, हे घरातली वडीलधारी माणसेही सांगतातच.

दुसरा प्रश्न घरच्यांचा. ‘एवढंच खाल्लंस? अजून एक पोळी घे’ आणि ‘किती सुटली आहेस गं’ ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, कधी एकाच जेवणात ऐकू येतात. वही ठेवणाऱ्याला त्यांचे वाईट वाटणे साहजिक आहे आणि तेही लिहिण्याजोगे आहे. घरच्यांसाठी सल्ला एवढाच, की वही मागू नये, चोरून वाचू नये आणि ताटावर लक्ष ठेवू नये. ‘सोबत जेवायला बसू का?’ असे विचारणे अधिक उपयोगी. एकत्र कुटुंबात किंवा होस्टेलवर कागदी वही लपवणे अवघड असेल, तर मोबाइलमधील पासवर्ड असलेले नोट्स ॲप पुरेसे आहे.

कॅलरी ॲपमध्येच लिहिले तर?

ती ॲप वजन घटवणाऱ्यांसाठी बनलेली असतात. त्यांत रोजची मर्यादा असते, ती ओलांडली की इशारा येतो. अनावर खाण्याशी झगडणाऱ्याला तो इशारा ‘आजचा दिवस गेलाच, मग आता काय राहिले’ या विचाराकडे नेऊ शकतो. हाच विचार बिंज लांबवतो. शिवाय आकडा अन्नाबद्दल सांगतो, मनाबद्दल नाही. ॲपच हवे असेल तर खाण्याच्या विकारांसाठी बनवलेले घ्यावे किंवा साधे नोट्स ॲप वापरावे.

खंड पडला, लाज वाटली तर?

दोन्ही होणारच. सगळ्यात जास्त लाज वाटते ती बिंजची नोंद करताना, आणि वही नेमकी तिथेच कोरी राहते. पूर्ण लिहवत नसेल तर वेळ आणि तारांकित खूण एवढे तरी करावे. दोन दिवस राहिले तर मागचे भरत बसू नये, पुढच्या खाण्यापासून सुरू करावे. आठवड्यातून एक वेळ ठरवून पाने उलटावीत. किती बिंज झाले याबरोबरच किती दिवस नियमित खाणे जमले, हेही मोजावे.

वही कधी ठेवू नये?

नोंदी करताना खाण्याचेच विचार वाढत असतील, प्रत्येक घासाची धास्ती वाटू लागली असेल किंवा वही पाहून खाणे आणखी कमी केले जात असेल, तर ती थांबवून तज्ज्ञाशी बोलावे. खाल्ल्यावर उलटी काढणे, जुलाबाची औषधे घेणे, झपाट्याने वजन घटणे, चक्कर येणे, गर्भावस्था किंवा मधुमेहावर इन्सुलिन अथवा औषधे सुरू असणे, यांपैकी काही असेल तर एकट्याने प्रयोग न करता आधी डॉक्टरांकडे जावे. वही हा उपचारातला एक भाग आहे, पूर्ण उपचार नाही. ती कायमची ठेवायचीही नसते. खाणे स्थिरावले की तज्ज्ञाच्या सल्ल्याने बंद करता येते.

मदत कुठे मिळेल?

मानसोपचारतज्ज्ञ किंवा खाण्याच्या विकारांचा अनुभव असलेले मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जाता येते. पहिल्या भेटीत ‘मला वजन कमी करायचे आहे’ असे सांगितले, तर डाएटचा तक्ता हाती पडण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी ‘खायला लागले की मला थांबता येत नाही आणि मी ते लपवते’ असे सरळ सांगावे. आठवडाभराची नोंदवही सोबत असेल तर तेवढेही बोलावे लागत नाही, पाने पुढे केली तरी चालतात.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर नोंदवही, भेटीची वेळ यांची वाट न पाहता लगेच हा क्रमांक लावावा, किंवा जवळच्या रुग्णालयात जावे.